घरातला मोठा पडदा

[चित्रपटगृहातल्यासारखे मोठे चित्र आता घराच्या भिंतीवरही पाहता येते. त्यासाठी प्रोजेक्टर लागतो आणि पडदाही लागतो. पडदा कसा निवडावा व कसा लावावा, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, टीव्ही बंद केला की त्याची काच कशी दिसते? काळी. आणि चित्रपटगृहात खेळ सुरू होण्यापूर्वी पडदा कसा दिसतो? पांढरा. मग त्या पांढऱ्या पडद्यावर नायिकेचे काळेभोर केस कोठून येतात? अमावास्येचे आकाश कोठून येते?

घाईने उत्तर देऊ नका. आज रात्री टॉर्च घ्या आणि भिंतीवर उजेडाचा गोल पाडा. टॉर्चपुढे लाल जिलेटिनचा कागद धरलात तर गोल लाल होईल. हिरवा धरलात तर हिरवा होईल. आता काळा कागद धरा. भिंतीवर काळा गोल पडला का? नाही. नुसता उजेड नाहीसा झाला.

प्रोजेक्टर हा एक हुशार टॉर्चच आहे. तो हवा त्या रंगाचा प्रकाश हव्या त्या जागी टाकतो. पण काळा प्रकाश त्याच्याजवळ नसतो, कारण असा प्रकाशच नाही. चित्रात जेथे काळे हवे, तेथे तो होईल तितका कमी प्रकाश टाकतो. बाकीचा काळेपणा खोलीतल्या अंधाराकडून घ्यावा लागतो. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल, तर पडद्याचा कोणताही भाग त्या ट्यूबलाइटच्या उजेडापेक्षा काळा दिसूच शकत नाही. मग काळी शेरवानी राखाडी दिसते आणि रात्रीचा प्रसंग धुक्यातला वाटतो. लोक म्हणतात, "प्रोजेक्टर वाईट निघाला." पण त्यात प्रोजेक्टरचा दोष नसतो.

म्हणून पडदा घ्यायला निघालेल्या माणसाने आधी दुकानात जाऊ नये. आधी आपली खोली पाहावी.

खोली पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. ज्या वेळी घरातली माणसे चित्र पाहणार, त्याच वेळी खोलीत उभे राहा. दुपारचा क्रिकेटचा सामना पाहायचा असेल तर दुपारी पाहा. खिडकीतून किती उजेड येतो? दाराच्या वरच्या झडपेतून येतो का? स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवावाच लागतो का? खिडकीला जाड कापडाचा पडदा शिवून घेतला, तर जो फरक पडतो तो हजारो रुपयांचा भारी पडदा घेऊनही पडत नाही. उजेडाचा एक चोर मात्र लवकर सापडत नाही. तो म्हणजे पांढरे छत. पडद्यावरचा प्रकाश परत फिरून छतावर आणि बाजूच्या भिंतींवर जातो आणि तेथून पुन्हा पडद्यावर येतो. चित्रपटगृहाच्या भिंती गडद रंगाच्या का असतात, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. घरात सगळ्या भिंती काळ्या करा, असे कोणी सांगणार नाही. पण पडद्याजवळचा दोन-तीन हात भाग गडद आणि चमक नसलेल्या रंगाचा केला, तरी चित्र सुधारते.

'पडदा' हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतल्या 'पर्दा' या शब्दावरून तो मराठीत आला. उर्दूत 'र' राहिला, मराठीत त्याचा 'ड' झाला, एवढाच फरक. मराठीत 'रुपेरी पडदा' असाही शब्द आहे. रुपे म्हणजे चांदी. रुपेरी पडदा म्हणजे सिनेमा. सिनेमाच्या पहिल्या काळात यंत्रातला दिवा मंद असे, म्हणून काही पडद्यांना चांदीसारखा चकाकणारा रंग देत. असा पडदा प्रकाश जोराने परत फेकतो. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया होते. त्या दिवसापासून आपल्याकडची माणसे अंधारात बसून पांढऱ्या कापडाकडे पाहत आली आहेत. आज ते कापड घरात आले आहे.

आता मापाकडे वळू. पडद्याचे माप इंचांत सांगतात आणि ते कर्णाचे असते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर म्हणजे कर्ण. 'शंभर इंची पडदा' असे दुकानदार म्हणाला, तर त्याची रुंदी शंभर इंच नसते. आजच्या टीव्हीप्रमाणे रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६:९ असेल, तर १०० इंची पडदा सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो. १२० इंची पडदा सुमारे २६६ सेंटिमीटर रुंद आणि १४९ सेंटिमीटर उंच असतो. पायथागोरसचा सिद्धान्त तुम्ही शिकला आहात. वहीत करून पाहा, आकडे बरोबर जुळतील. भिंत मोजताना या आकड्यांत चौकटीची जाडीही मिळवावी लागते, हे विसरू नका.

एक खोली डोळ्यांसमोर आणा. ती १० फूट रुंद आहे. पडदा १० फुटी भिंतीवर लावायचा आहे. १० फूट म्हणजे सुमारे ३०५ सेंटिमीटर. शंभर इंची पडदा लावला तर दोन्ही बाजूंना ४२ सेंटिमीटर जागा उरते. तेथे स्पीकर उभे राहतात. १२० इंची लावला तर बाजूंना वीस सेंटिमीटरच्या आतच जागा उरते. स्पीकर कोठे ठेवणार? दारही त्याच भिंतीजवळ असेल तर ते उघडणार कसे?

पण जागेपेक्षा मोठा प्रश्न डोळ्यांचा आणि मानेचा आहे. पाहणारा माणूस पडद्यापासून कर्णाच्या सव्वा ते दीड पटीहून थोडे अधिक अंतरावर बसला, तर चित्र मोठे वाटते आणि मानही दुखत नाही. आपल्या खोलीत मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचे डोळे पडद्यापासून सुमारे ३२० सेंटिमीटरवर असतील. १०० इंच म्हणजे २५४ सेंटिमीटर. त्याची सव्वा पट ३१८ होते. म्हणजे या खोलीला १०० इंची पडदा ही शेवटची मर्यादा आहे. मुले तर पुढे चटईवरच बसणार. त्यांचे अंतर दोन मीटर झाले तर क्रिकेटचा चेंडू पाहताना त्यांना मान फिरवावी लागेल. अशा घरात ९० इंची पडदा अधिक शहाणपणाचा. तो सुमारे १९९ सेंटिमीटर रुंद असतो. दुकानात लहान वाटतो, घरात आला की मोठा होतो.

मोठ्या पडद्याची आणखी एक किंमत मोजावी लागते. प्रोजेक्टरचा प्रकाश तेवढाच असतो. १०० इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर आणि १२० इंची पडद्याचे सुमारे ३.९७ चौरस मीटर. कर्ण फक्त वीस टक्क्यांनी वाढला, पण क्षेत्रफळ १.४४ पट झाले. पोळीवर तेवढेच तूप आणि पोळी मात्र मोठी, असे होते. प्रत्येक जागेच्या वाट्याला पूर्वीच्या सुमारे ६९ टक्के प्रकाश येतो. पडदा वाढवत गेलात तर चित्र मोठे होईल आणि फिकटही होईल.

माप ठरवण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. जुनी वर्तमानपत्रे चिकटवून पडद्याच्या मापाचा आयत तयार करा आणि तो भिंतीवर लावा. दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. घरातल्या सर्वांना आपापल्या जागी बसवा. दादीजान पलंगावर बसतात, अब्बा खुर्चीवर बसतात, मुले जमिनीवर बसतात. प्रत्येकाला विचारा, खालची कडा दिसते का? मान वर करावी लागते का? चित्राच्या खालच्या भागात संवादांची अक्षरे येतात. पुढच्याच्या डोक्याआड ती गेली, तर मागच्याचा अर्धा सिनेमा गेला. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटरवर असतात, गादीवर बसलेल्याचे सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटरवर असतात. पाहणाऱ्याची नजर सरळ गेली तर ती पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात पडावी. खुर्च्या असतील तर पडद्याची खालची कडा जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर ठेवता येते. सगळेच गादीवर बसत असतील तर ती आणखी खाली आणावी. पुष्कळ लोक पडदा दिवाणखान्यातल्या तसबिरीप्रमाणे उंच टांगतात. तसबिरीकडे आपण क्षणभर पाहतो, सिनेमाकडे तीन तास पाहतो.

पडद्याचा आकारही ठरवावा लागतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्या काळच्या चित्रांचे प्रमाण सुमारे ४:३ असे. पुढे चित्र रुंद होत गेले. १९५९ साली गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' आला. तो सिनेमास्कोप पद्धतीचा पहिला भारतीय चित्रपट होता. अशा चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट असते. आता हे सगळे चित्रपट तुम्ही १६:९ प्रमाणाच्या १०० इंची पडद्यावर पाहिले तर काय होईल? जुन्या ४:३ चित्राच्या दोन्ही बाजूंना सुमारे २७ सेंटिमीटरचे रिकामे पट्टे राहतील. सिनेमास्कोप चित्राच्या वर आणि खाली सुमारे १५ सेंटिमीटरचे पट्टे राहतील. काही लोकांना हे पट्टे आवडत नाहीत. ते चित्र ताणून पडदा भरतात. मग सडपातळ नायक लठ्ठ होतो. तसे करू नये. चित्र ज्या मापात काढले, त्याच मापात पाहावे. घरात बातम्या, सामने आणि सिनेमा असे सगळेच पाहायचे असेल, तर १६:९ पडदा घेणे बरे.

आता कापडाचा विचार करू. घरातली पांढरी चादर बांधली तर चालत नाही का? एका रात्रीपुरती चालते. पण चादरीच्या विणीतून बराचसा प्रकाश पलीकडे निघून जातो आणि चित्र फिके दिसते. चादरीच्या मागे जाऊन पाहा, तेथेही सिनेमा दिसेल, फक्त उजवे-डावे उलटलेले असेल. मराठी पाटी उजवीकडून डावीकडे धावू लागेल आणि उर्दू पाटी डावीकडून उजवीकडे! चादरीला सुरकुत्याही पडतात आणि पंख्याच्या वाऱ्याने ती हलते. त्यापेक्षा पुट्टी भरून सपाट केलेली आणि चमक नसलेला पांढरा रंग दिलेली भिंत पुष्कळ चांगली. ऑइलपेंट मात्र नको. तो चकाकतो आणि प्रोजेक्टरचा दिवाच त्यात आरशासारखा दिसतो. पैसे थोडे असतील, तर अशा भिंतीवर सिनेमा पाहण्यात कमीपणा काही नाही. उरलेल्या पैशांतून खिडकीचा पडदा शिवावा.

विकत मिळणाऱ्या पडद्यांवर एक आकडा लिहिलेला असतो. त्याला 'गेन' म्हणतात. चमक नसलेला, शुद्ध पांढरा पृष्ठभाग सर्व दिशांना सारखाच उजळ दिसतो. त्याचा गेन १ मानला आहे. एखाद्या पडद्याचा गेन २ असेल, तर समोर बसलेल्याला तो दुप्पट उजळ दिसतो. हे वाचून कोणालाही वाटेल की २ चांगला, १ वाईट. पण पडदा स्वतःचा प्रकाश तयार करत नाही. त्याच्याकडे जेवढा आला, तेवढाच तो परत देतो. समोरच्याला जास्त दिला तर तो कोणाकडून तरी काढून घ्यावा लागतो. तो बाजूला बसलेल्यांकडून काढून घेतला जातो. घरात मधली जागा बहुतेक वडील माणसांची असते आणि मुले कडेला बसतात. म्हणजे भारी गेनच्या पडद्यावर कडेच्या मुलांच्या वाट्याला अंधूक चित्र येते. शिवाय पडद्याच्या मधोमध उजळ डाग दिसतो आणि कोपरे मंद दिसतात. पूर्वीच्या रुपेरी पडद्याचाही हाच दोष होता. त्रिमितीय चित्रपट दाखवण्याच्या एका पद्धतीत आजही तसा चंदेरी पडदा लागतो, घरी त्याचे काम नाही. ज्या घरात पाहणारे खोलीभर पसरून बसतात, त्या घराला १ च्या आसपासचा साधा पांढरा पडदाच योग्य.

राखाडी पडदाही मिळतो. सिनेमाचा पडदा राखाडी कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण पाठाच्या सुरुवातीचा प्रश्न आठवा. खोलीत थोडा उजेड राहणारच असेल, तर राखाडी पृष्ठभागावर काळा रंग अधिक काळा दिसतो. त्याबरोबर पांढरा रंगही थोडा मंद होतो, म्हणून प्रोजेक्टर चांगला तेजस्वी लागतो. बाहेरचा उजेड टाळणारे खास पडदेही असतात. भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवायच्या प्रोजेक्टरसाठी असा पडदा करतात. त्याच्या पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारख्या फार बारीक आडव्या रेघा असतात. खालून येणारा प्रोजेक्टरचा प्रकाश त्या पाहणाऱ्याकडे वळवतात आणि वरून येणारा दिव्याचा प्रकाश अडवतात. तो पडदा महाग असतो. शिवाय तो उलटा लावला किंवा दूरच्या प्रोजेक्टरसाठी वापरला, तर काम बिघडते. म्हणून प्रोजेक्टर कोणता, हे ठरल्याशिवाय असा पडदा घेऊ नये.

काही पडद्यांना बारीक छिद्रे असतात. याचेही कारण आहे. 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. चित्र बोलू लागले, तेव्हा आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटला पाहिजे, अशी गरज निर्माण झाली. म्हणून चित्रपटगृहांत स्पीकर पडद्यामागे ठेवतात आणि आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला छिद्रे पाडतात. ती दुरून दिसत नाहीत. लहान घरात पडद्यामागे जागाच नसते, तेव्हा छिद्रांचा पडदा घेण्याचे कारण नाही. स्पीकर पडद्याच्या अगदी जवळ, बाजूला किंवा खाली ठेवावा.

पडद्याची ठेवण दोन प्रकारची असते. एक चौकटीवर कायम ताणलेला, दुसरा गुंडाळता येणारा. चौकटीचा पडदा नेहमी सपाट राहतो, म्हणून चित्र सर्वांत चांगले. पण त्याला एक पूर्ण भिंत द्यावी लागते. आपल्या शहरांतल्या घरांत रिकामी भिंत कोठे असते? तेथे कपाट असते, खिडकी असते, पुस्तकांचे फडताळ असते. अशा वेळी वरून खाली ओढायचा पडदा उपयोगी पडतो. सिनेमा संपला की तो नळीत जातो आणि फडताळ पुन्हा दिसू लागते. त्याचा दोष असा की काही महिन्यांनी कापडाच्या कडा आत वळतात आणि मध्ये लाटा येतात. कॅमेरा बाजूने सरकला की लाटा दिसतात. दोन्ही कडांना दोरीचा ताण दिलेले गुंडाळपडदे मिळतात, त्यांत हा दोष कमी असतो आणि किंमत जास्त असते.

कसबी माणसे चौकट घरीही तयार करतात. खिडकीच्या पडद्यांना अस्तर म्हणून जे उजेड आरपार न जाऊ देणारे पांढरे कापड लावतात, ते लाकडी चौकटीवर ताणतात. येथे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मुलांना आपले ज्ञान वापरता येईल. तुमच्या गावात यंत्रमाग चालतात. कापडात उभे धागे आणि आडवे धागे असतात, म्हणजेच ताणा आणि बाणा. कापड या धाग्यांच्या दिशेने ओढले तर ते फारसे लांबत नाही. तिरपे ओढले तर लगेच लांबते आणि झोळ पडतो. म्हणून कापड ताणताना कोपऱ्यापासून सुरुवात करायची नसते. आधी वरच्या कडेच्या मध्यावर एक टाचणी, मग खालच्या कडेच्या मध्यावर, मग डावीकडे, मग उजवीकडे. नंतर मध्यापासून थोडे थोडे कोपऱ्यांकडे जावे. कोपरे सर्वांत शेवटी.

चौकट खरोखर आयत झाली का, हे कसे तपासावे? दोन्ही कर्ण मोजावे. समोरासमोरच्या बाजू समान आणि कर्णही समान असले तर तो आयत. शंभर इंची चौकटीचे दोन्ही कर्ण २५४ सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक २५४ आणि दुसरा २५६ भरला, तर चौकट तिरकी आहे. भूमितीच्या तासाला हे प्रमेय रुक्ष वाटते. सुताराला ते रोज लागते.

आता लावण्याचे काम. भोके पाडण्याचे काम मोठ्या माणसांनी किंवा जाणत्या कारागिराने करावे. मुलांनी ड्रिल हातात घेऊ नये. पण कोठे भोक पाडू नये, हे तुम्ही मोठ्यांना सांगू शकता. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भिंतीच्या आत विजेच्या तारा असू शकतात. तेथे ड्रिल लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करून घ्यावा आणि ड्रिलसाठी बॅटरीवर चालणारे यंत्र वापरावे. छताला पीओपीचे फॉल्स सीलिंग असेल, तर त्यात स्क्रू बसल्यासारखा वाटतो, पण तो ओझे धरत नाही. पडद्याची नळी आणि प्रोजेक्टर दोन्ही वरच्या खऱ्या स्लॅबला धरलेली असली पाहिजेत. पोकळ विटांच्या भिंतीत साधे फिशर सैल होते, तेथे पोकळ भिंतीसाठीचे वेगळे फिशर लागते. हे ओझे कोणाच्या डोक्यावर राहणार आहे? खाली घरातलीच माणसे बसणार आहेत. म्हणून येथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत. पडदा लावल्यावर त्याला हाताने खाली ओढून पाहावे, आणि मगच खाली कोणी बसावे.

भिंतीवर आधी मधली उभी रेघ आखतात. ती सरळ उभी आहे की नाही, हे ओळंब्याने पाहतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन, उर्दूत ज्याला साहूल म्हणतात. दोन बाजूंचे आकडे एकाच पातळीवर यावेत म्हणून गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. नळीची दोन्ही तोंडे दोन ठिकाणी धरली की पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच येते. छताच्या कडेवरून माप घेऊ नका. आपल्याकडची छते नेहमी समपातळीत असतातच असे नाही.

भोके पाडून झाली की आधी खोली झाडून-पुसून घ्यावी. पडदा खोक्यातून त्यानंतरच बाहेर काढावा. विटांची लाल धूळ पांढऱ्या कापडावर बसली तर ती सहज निघत नाही. जमिनीवर धुतलेली चादर अंथरावी, हात साबणाने धुवावेत आणि मग चौकट जोडावी.

प्रोजेक्टर किती दूर ठेवायचा? त्याच्या माहितीपत्रकात 'थ्रो'चे प्रमाण दिलेले असते. प्रोजेक्टरपासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी, म्हणजे थ्रो. प्रमाण १.५ असेल आणि पडदा २२१ सेंटिमीटर रुंद असेल, तर अंतर सुमारे ३३२ सेंटिमीटर लागते. तुमची खोली फक्त १० फूट लांब असेल तर हा प्रोजेक्टर तुमच्या घरात १०० इंचांचे चित्र काढूच शकणार नाही. हा गुणाकार पैसे देण्यापूर्वी करायचा असतो. प्रोजेक्टरचे तोंड पडद्याला अगदी समोर असावे. तो वर किंवा खाली तिरका केला, तर आयताऐवजी समलंब चौकोन पडतो. प्रोजेक्टरमध्ये हा आकार सुधारण्याचे बटन असते. पण ते बटन चित्राचे काही बिंदू गमावून आकार सरळ करते. आधी यंत्र सरळ ठेवावे. बटन अगदी नाइलाज झाल्यावर वापरावे. आणि चालू प्रोजेक्टरच्या भिंगात डोळे घालून पाहू नये. लहान भावंडांना हे दोनदा सांगावे लागते.

पडद्याभोवती काळ्या मखमलीची चार बोटे रुंद कडा असते. ती केवळ शोभेसाठी नाही. चित्र किंचित बाहेर गेले तर मखमल तो प्रकाश गिळते. आणि काळ्या चौकटीत बसवलेले चित्र डोळ्यांना अधिक उजळ वाटते.

राहिली निगा. पडद्याला बोट लावू नये, बोटाचे तेल कापडावर राहते. धूळ कोरड्या मऊ कापडाने हलकेच झटकावी. स्वयंपाकघर शेजारी असेल तर फोडणीची वाफ वर्षभरात पांढऱ्या कापडाला पिवळे करते. उदबत्तीचा आणि लोबानाचा धूरही तसेच करतो. कोकणात आणि मुंबईकडे जूनपासून भिंतींना ओल येते. ज्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, तिच्यावर कायमचा पडदा लावू नये. मागून बुरशी येते आणि ती समोरून दिसू लागेपर्यंत कापड गेलेले असते. गुंडाळपडदा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी उघडून पंख्याखाली वाळवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच गुंडाळावा.

स्वाध्याय

१. टॉर्चचा प्रयोग घरी करा आणि काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.

२. तुमच्या घरातली किंवा शाळेतली एक खोली मोजा. तिच्यात किती इंची पडदा बसेल? पाहणाऱ्यांचे अंतर धरून उत्तर द्या.

३. "भारी गेनच्या पडद्यावर कडेच्या मुलांच्या वाट्याला अंधूक चित्र येते." असे का होते?

४. ओळंबा, कर्ण, उजेड, ओल, झोळ, निगा : या शब्दांना तुमच्या घरी उर्दूत काय म्हणतात? प्रत्येक मराठी शब्द वापरून एक वाक्य लिहा.